कार्डाआडच्या डिस्कची विचारपूस

सर्व्हरच्या तोंडाशी चार ट्रे आणि प्रत्येक ट्रेवर एक हिरवा दिवा. जळगावच्या एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो, चोपड्याकडची जिनिंग असो की धुळ्यातलं हॉस्पिटल, टेबलाखाली धूळ खात बसलेल्या सर्व्हरकडे कुणी बघितलंच तर या दिव्यांकडे बघतं. दिवे हिरवे असले म्हणजे डिस्क ठणठणीत, असं धरून चालतात. प्रत्यक्षात तो दिवा कंट्रोलरच्या सांगण्यावरून पेटतो. कंट्रोलरच्या मते डिस्क अजून कामावर हजर आहे, एवढंच त्यातून कळतं. डिस्कची तब्येत कशी आहे हे विचारायचं तर कंट्रोलरला ओलांडून आत जावं लागतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हा कंट्रोलर म्हणजे रेड कार्ड. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला: एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यातली एखादी गेली तरी काम अडू नये. त्या ‘रेड’ कल्पनेचं पुढे कार्ड झालं. डेलच्या सर्व्हरमध्ये त्याला पर्क म्हणतात, एचपीच्या सर्व्हरमध्ये स्मार्ट ॲरे. मेगारेड हे नाव तर अनेक कंपन्यांच्या यंत्रांत सापडतं. कार्ड चार डिस्क पोटात घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टीमला एकच मोठी डिस्क दाखवतं. मोठ्या खटल्याच्या घरात बाहेरच्यांशी कर्ता पुरुषच बोलतो, आत कोणाला ताप आहे ते ओसरीवर कळत नाही, तसंच हे. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण विंडोज किंवा लिनक्समधून नेहमीच्या पद्धतीनं डिस्कची तब्येत विचारली, तर उत्तरात कार्डाचं नाव येतं आणि पुढे काही नाही. अनेक जण इथेच थांबतात आणि ‘या सर्व्हरवर स्मार्ट चालत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात.

चालतं. स्मार्ट ही डिस्कनं स्वतःच स्वतःची नोंद ठेवण्याची पद्धत. १९९२ मध्ये आयबीएमनं आपल्या डिस्कमध्ये आगाऊ इशारा देण्याची सोय केली, १९९५ मध्ये कॉम्पॅकनं तशीच दुसरी आणली, आणि पुढे त्यातून सगळ्या कंपन्यांना सामाईक असं मानक तयार झालं. आज बाजारात मिळणारी जवळपास प्रत्येक डिस्क ही रोजनिशी ठेवते. त्यातल्या बऱ्याच ओळी नुसत्या भरताडाच्या असतात. काही मात्र सोन्याच्या आहेत.

क्रमांक ५ ची ओळ पाहा. एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि इथला आकडा एकानं वाढतो. क्रमांक १९७ मध्ये वाचता न आलेल्या, पण अजून निकाल न लागलेल्या जागा असतात. पाचची ओळ वर्षभर ८ वर थांबलेली असेल तर मी घाबरणार नाही. सोमवारी ८, गुरुवारी २४ आणि शनिवारी १९७ मध्येही आकडा उगवला, तर ती डिस्क बदलायची, चर्चा नको. क्रमांक १९९ चुकांचे आकडे दाखवतो, पण त्या बहुधा केबलच्या असतात. केबल दोनशे रुपयांची असते, आणि ती न बदलता डिस्क बदलणारे महाभाग कमी नाहीत. क्रमांक ९ म्हणजे डिस्क किती तास फिरली त्याची नोंद: तिथे ४३,८०० दिसले की डिस्कनं अखंड पाच वर्षं नोकरी केली. सॅस जातीच्या डिस्कमध्ये असा तक्ता नसतो. तिथे वाढत गेलेल्या दोषांची यादी आणि चुकांचा वेगळा हिशेब बघायचा.

आणि सगळ्यात वर जो ‘पास’ असा निकाल छापून येतो, त्यावर विसंबू नये. कंपनीनं ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत डिस्क पासच होत राहते, आणि ही मर्यादा बहुतेक वेळा फार सैल असते.

ही रोजनिशी वाचण्याचं सर्वांत भरवशाचं साधन फुकट आहे, आणि ते एका भौतिकशास्त्रज्ञानं उभं केलंय. ब्रूस ॲलन अमेरिकेत मिलवॉकीच्या विद्यापीठात गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी शेकडो संगणकांचा ताफा सांभाळत होते. डिस्क मरत, आणि न सांगता मरत. २००२ मध्ये त्यांनी आधीचा एक जुना प्रोग्राम घेऊन त्यावर स्मार्टमॉनटूल्स हा संच रचला. त्यात दोन गडी आहेत: विचारल्यावर उत्तर देणारा स्मार्टसीटीएल आणि न विचारता पहारा देणारा स्मार्टडी. ज्या लायगो प्रकल्पासाठी हे झालं, त्याची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. विश्वाच्या टोकाकडून येणारी थरथर टिपण्याच्या खटाटोपातून निघालेलं साधन पारोळ्याच्या एखाद्या पतसंस्थेतली डिस्क वाचवतं, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

आता कार्डाआड कसं शिरायचं ते. स्मार्टसीटीएलला एक ‘डी’ पर्याय असतो, त्यात कार्डाची जात आणि डिस्कचा क्रमांक द्यायचा. मेगारेड घराण्याला ‘मेगारेड,८’, एचपीच्या कार्डाला ‘सीसीआयएसएस,०’, अरेका आणि थ्रीवेअरच्या कार्डांना त्यांची त्यांची नावं. कार्ड मग ती विचारणा जशीच्या तशी आत पोचवतं आणि डिस्क स्वतःच्या तोंडानं बोलू लागते. अडचण क्रमांकांची आहे. मेगारेडमध्ये हा क्रमांक ट्रेचा नसतो, कार्डानं डिस्कला दिलेला असतो: पहिल्या ट्रेतली डिस्क ८ असू शकते, दुसऱ्यातली ११. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला काहीच सापडत नाही. खरे क्रमांक कार्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधून काढायचे किंवा स्मार्टसीटीएललाच स्कॅन करायला सांगायचं; पण हे स्कॅन सगळ्या कार्डांच्या बाबतीत खात्रीचं नाही. साटा डिस्कला काही वेळा ‘मेगारेड’च्या आधी ‘सॅट’ जोडावं लागतं, कारण कार्ड एका भाषेत बोलतं आणि डिस्क दुसऱ्या.

क्रमांक सापडला म्हणून लगेच ट्रे ओढू नका. आधी पडद्यावरचा सिरीयल नंबर कागदावर लिहा, मग डिस्कच्या लेबलावरचा जुळवा. रेड-५ ची मांडणी एकच डिस्क गेलेली सोसते; आजारी डिस्क बाद झालेली असताना चुकून धडधाकट डिस्क उपसली, की सगळा संसार तिथेच मोडतो. कार्डाला सांगून त्या ट्रेचा दिवा लुकलुकवता येतो, तेवढी तसदी घ्यावी.

बाहेरून यूएसबीनं जोडलेल्या डब्यांची तऱ्हा वेगळीच. त्यांच्यातली छोटी चिप कधी विचारणा पोचवते, कधी अर्धवट पोचवते, कधी सरळ गिळून टाकते. बॅकअपसाठी असा डबा घेताना त्यातून स्मार्ट वाचता येतं का, हे दुकानातच बघून घ्यावं.

डिस्क गेली की खानदेशात पहिला संशय उन्हावर जातो. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, आणि एसी फक्त मॅनेजरच्या केबिनमध्ये. तरी ऊन हाच एकमेव गुन्हेगार नाही. गूगलनं २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. नव्या डिस्कवर तापमानाचा परिणाम अपेक्षेहून फार कमी निघाला; तीन-चार वर्षं वापरलेल्या डिस्क मात्र जास्त उष्णतेत अधिक गेल्या. त्याच अभ्यासात पहिली स्कॅन-चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. आणि मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांनी तर कसलाही इशारा दिला नव्हता. म्हणजे स्मार्ट शांत आहे म्हणून बॅकअप टाळायचा, हे चालणार नाही.

उन्हाचा खरा बळी अनेकदा कार्डावरची बॅटरी असते. लिखाण आधी कार्डाच्या स्मृतीत घेऊन मग निवांत डिस्कवर उतरवायचं, म्हणून सर्व्हर चपळ वाटतो. वीज गेली तर ती स्मृती बॅटरी सांभाळते. बॅटरी दमली की कार्ड सावध होतं आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतं. ‘टॅली अडकतंय, भाऊ’ ही तक्रार मग दिवसभर ऐकू येते. नेटवर्क तपासलं जातं, व्हायरस शोधला जातो, कंपनीला फोन जातो. बॅटरीचं नाव कुणीच घेत नाही. नव्या कार्डांत तिच्या जागी कपॅसिटर आणि फ्लॅश आले, पण जुनी कार्डं अजून पुष्कळ आहेत. वीज किती वेळा दगा देऊन गेली तेही अनेक डिस्क क्रमांक १९२ मध्ये टिपून ठेवतात. यूपीएस नीट चालतो म्हणणाऱ्याला तो आकडा दाखवावा.

काटकसरीचा आणखी एक फटका. घरच्या संगणकाची डिस्क सर्व्हरमध्ये बसवली की ती एखादी वाईट जागा वाचण्यासाठी बराच वेळ झटत राहते. कार्ड काही सेकंद वाट बघतं आणि तिला मेलेली ठरवून बाहेर काढतं. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानते आणि ‘वाचता आलं नाही’ असं कळवते; उरलेल्या डिस्कवरून कार्ड तो मजकूर जुळवतं. दोन-तीन हजार वाचवताना हा फरक कुणी विचारात घेत नाही. वर, गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर होणाऱ्या पुनर्बांधणीत उरलेल्या प्रत्येक डिस्कची कानाकोपऱ्यापर्यंत वाचणी होते, आणि दुसऱ्या डिस्कवरची १९७ ची ओळ नेमकी तेव्हाच नडते. कार्डाचं गस्ती वाचन, म्हणजे डिस्क आपोआप चाळत राहण्याचं काम, दर आठवड्याला चालू ठेवलं, तर अशी जागा आधीच सापडते.

पिंपळनेर-शिरपूरपासून मुक्ताईनगरपर्यंत आता सगळं या सर्व्हरांत आहे: पतसंस्थांच्या ठेवी, केळीच्या गटांचे हिशेब, रुग्णांचे अहवाल. १९२६ च्या डिसेंबरअखेर इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळानं तिथे जुनी दप्तरं जपली. जळगावच्या गांधीतीर्थ संग्रहालयात कागदपत्रांची डिजिटल रूपं तयार झाली. दप्तराला लागलेली वाळवी रुमाल सोडला की दिसते. डिस्कची कीड आकड्यांत असते आणि आकडे कुणीतरी वाचावे लागतात.

वाचणारा गडी, स्मार्टडी, दर अर्ध्या तासाला डिस्क तपासतो आणि बिघडलं की मेल पाठवतो. पण त्याला कार्डाआडच्या डिस्क एकेक करून सांगाव्या लागतात, आणि मेल जाण्याची व्यवस्था सर्व्हरवर असावी लागते. अनेक ठिकाणी ती नसते. इशारा निघतो आणि सर्व्हरच्याच पोटात पडून राहतो. चाचणीचा मेल पाठवण्याची एक सूचना त्याच्या फाइलीत लिहिता येते.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल, तर एएमसीवाल्याला पुढच्या भेटीत एवढंच सांगा: प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर आणि ५, १९७ व १९९ चे आकडे तारखेसह कागदावर द्या, कार्डाच्या बॅटरीची अवस्था लिहा, चाचणीचा मेल माझ्या मोबाइलवर आला पाहिजे, आणि बॅकअपमधली कालची एक फाइल माझ्यासमोर उघडून दाखवा. जमत नाही म्हणाला, तर दुसरा माणूस बघा.