आधी उलटा, मग सुलटा

लोणच्याच्या बरणीचे प्लास्टिकचे झाकण घाईघाईने लावताना तुमच्या हातून एकदा तरी तिरपे बसले असेल. ते अर्धा फेरा फिरते, अडते आणि एका बाजूने वर उचललेले दिसते. मग आपण ते काढतो आणि पुन्हा नीट लावतो. बरणीचे एवढ्यावर भागते. पण तेच लोखंडी नटाच्या बाबतीत झाले आणि हातात लांब पाना असला, तर भागत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत यवतमाळला आमच्या शेजारी हा प्रकार घडला. शेजाऱ्यांनी आपल्या मारुती गाडीसाठी बाजारातून अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, नवी चाके आणली होती. वडील आणि अकरावीतला मुलगा अंगणातच ती बसवायला लागले. तीन चाके छान बसली. चौथ्याचा एक नट बोटांनी अर्धा फेरा गेला आणि अडला. वडील म्हणाले, "मळ असेल, पाना लाव." पान्याने तो कुरकुरत आणखी तीन-चार फेरे गेला. तो आवाज ऐकून मी कुंपणापाशी पोचलो, तोवर उशीर झाला होता. नट काढला तेव्हा आट्यांतून लोखंडाचा चकचकीत कीस गळून पडला.

"सर, पण तो तर अगदी घट्ट बसला होता!" मुलगा म्हणाला.

खरे आहे. पण घट्ट म्हणजे काय, ते आधी पाहू.

कागदाचा एक लांबट काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर गोल गोल चढत जाईल. हाच आटा. मळसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेली उतरण, हे वाक्य तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. शेजाऱ्यांच्या गाडीच्या चाकाचा स्टड १२ मिलिमीटरचा, आणि लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, १.२५ मिलिमीटर. आट्याच्या मध्यावर मोजले तर एका फेऱ्याचा परीघ सुमारे ३५ मिलिमीटर भरतो. म्हणजे २८ चाललो की १ चढलो. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे. आपला नट त्याहून थोडा उभा घाट चढतो, इतकेच.

आता २५ सेंटिमीटर लांबीचा पाना घ्या. त्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १५७ सेंटिमीटर फिरते आणि नट मात्र १.२५ मिलिमीटर सरकतो. घर्षण नसते तर यांत्रिक फायदा साडेबाराशेच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात जवळजवळ नऊ दशांश जोर घर्षणातच जातो. तरीही हाताच्या २० किलोग्रॅमच्या जोराने स्टडवर दोन-अडीच टनांचा ताण येतो. या ताणाने स्टड स्प्रिंगसारखा किंचित लांबतो आणि चाकाला हबवर आवळून धरतो. चाक जागेवर राहते ते या आवळण्यामुळे.

तिरप्या चढलेल्या नटात नेमके हेच होत नाही. पान्याला विरोध होतो, भरपूर होतो. पण तो जोर एका आट्याने दुसऱ्याला खरवडण्यात खर्च होतो. स्टड ताणला जात नाही. म्हणजे नट हलत नाही आणि तरीही चाक आवळलेले नसते. अशी गाडी पुसदकडच्या घाटात वळणे घेऊ लागली की त्या नटाचे ओझे शेजारच्या नटांवर पडते, आणि मग तेही सैल होऊ लागतात. मुलाला वाटलेला घट्टपणा पान्याच्या टोकाचा होता. स्टडला त्याचा पत्ताच नव्हता.

नट तिरपा चढायला कल किती लागतो? फार नाही. आट्याची वाट चढती असल्यामुळे नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे आटे मुळातच अर्ध्या पिचने वरखाली असतात. नट सरळ असला की दोन्ही बाजू आपापल्या खाचेत बसतात. तिरपा असला तर एक बाजू योग्य खाचेत आणि समोरची बाजू एक खाच पुढे जाते. सुमारे ११ मिलिमीटर व्यासावर १.२५ मिलिमीटरचा फरक म्हणजे सहा अंशांहून थोडा अधिक कोन. (टॅन्जंटचे कोष्टक उघडून पडताळून पाहा.) त्याच्या निम्मा, म्हणजे तीन अंशांचा कल झाला की समोरचे शिखर शिखरावर येते आणि तिथून चुकीच्या खाचेत उतरू पाहते. घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात फिरतो, तेवढाच हा कोन! जाड आट्यांच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टची पिच १.७५ असते, तिथे पुरी खाच चुकायला नऊ अंश लागतात. म्हणून बारीक आटे अधिक जपावे लागतात. शेजाऱ्यांकडे चाक हबला पुरते टेकवलेले नव्हते, ते स्टडवर लोंबत होते. तीन अंशांना तेवढे पुरे.

उपाय अगदी साधा आहे. स्टड आणि नटाचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. आपल्याकडची काळी माती आट्यांत बसली की बोटांना काहीच कळत नाही. चाक एका हाताने हबला टेकवून धरावे. नट स्टडच्या तोंडाशी ठेवून आधी उलटा, म्हणजे डावीकडे, सावकाश फिरवावा. एका ठिकाणी तो 'टक्' करून किंचित खाली बसतो. जिथे आटा सुरू होतो तिथली ही पायरी आहे, बरोबर एका पिचच्या उंचीची. ती जाणवली की तिथूनच नट उजवीकडे फिरवायचा, आणि तोही बोटांनी. निदान पाच-सहा फेरे बोटांनी गेल्याशिवाय पान्याला हात लावू नये. बोटांची पकड नटाच्या मध्यापासून सेंटिमीटरभर दूर असते, तर पान्याची २५ सेंटिमीटर. पान्याने जोर पंचवीसपट होतो, पण बोटांना कळणारी अडचण पान्याला कळत नाही. स्टडला तेल लावायचा मोहही टाळावा. घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोराने ताण फार वाढतो, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला पिळाचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो.

काही वेळा मात्र नट सरळ असूनही अडतो, कारण आट्यांची जातच वेगळी असते. व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये १८४१ साली आट्यांचे प्रमाण सुचवले, अमेरिकेत सेलर्सने १८६४ मध्ये दुसरेच. आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे मेट्रिक आट्यांची फियाट आणि इंची आट्यांची अँबॅसडर शेजारी शेजारी धावल्या. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टचा जुळा भाऊच दिसतो. पण बारीक आट्यांच्या इंची बोल्टची पिच १.०६ आणि मेट्रिकची १.२५. डोळ्यांना हे कळत नाही. १९९० साली इंग्लंडहून स्पेनला निघालेल्या एका विमानाची पुढची काच आकाशात निखळली. ती बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक वापरले गेले होते. वैमानिक अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सुदैवाने तो वाचला.

शेजाऱ्यांचा स्टड बदलावा लागला. मुलगा नवा नट घेऊन आला. बोटांनी उलटा फिरवला, 'टक्' झाले, सुलटा फिरवला. दोन फेरे गेला आणि अडला. या वेळी त्याने पाना उचलला नाही. नट काढून जुन्या नटाशेजारी धरला. जुन्याची पिच १.२५ होती आणि नव्याची १.५, जी दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांना असते. दर फेऱ्याला पाव मिलिमीटर चूक साचत जाते, म्हणून दोन फेरे. तो सायकल काढून पुन्हा दुकानाकडे गेला, आणि या वेळी जुना नट खिशात घालून गेला.