फुकट, विकत आणि मुक्त

संगणकाला मनुष्याची भाषा समजत नाही. त्याला एक आणि शून्य एवढ्या दोनच खुणा कळतात. अशा खुणांच्या लांबलचक ओळी मांडून त्याच्याकडून काम करून घेणे फार कष्टाचे असते. म्हणून मनुष्याने स्वतःला सुलभ वाटतील अशा आज्ञांच्या भाषा रचल्या आणि त्या भाषांतील आज्ञा संगणकाच्या खुणांत उतरवून देणारे दुभाषेही तयार केले. हे दुभाषे लाकडालोखंडाचे नसतात. तेही आज्ञांचेच बनलेले असतात. सुताराला जशी करवत, तसा संगणकासाठी आज्ञा लिहिणाऱ्याला हा दुभाषा होय. हे हत्यार विकत घ्यावे की सर्वांना विनामूल्य मिळावे, हा वाद जुना आहे.

१९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' नावाचा एक लहान संगणक विक्रीस आला. तोपर्यंत संगणक बहुधा विद्यापीठे, सरकारी खाती व मोठ्या कंपन्या यांच्यापाशीच असत. अल्टेअरचे सुटे भाग मात्र मागवून ते घरी जुळवता येत. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. पुढील बाजूची बटणे वरखाली करून एकेक आज्ञा द्यावी लागे आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर ओळखावे लागे. ही अडचण बिल गेट्स व पॉल ॲलन या तरुणांनी दूर केली. डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी निर्माण झालेल्या 'बेसिक' भाषेचा दुभाषा त्यांनी अल्टेअरसाठी तयार केला. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर तो विकला जाई.

परंतु फितीची नक्कल करणे सोपे होते. कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी नकला करून आपसांत वाटल्या. आपल्याला लाभलेले दुसऱ्यास द्यावे, ही त्यांची रीत होती; तीत काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी या मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्या दर दहांत एकानेही बेसिक विकत घेतलेले नाही, अशी त्यांची तक्रार होती. श्रमांचा मोबदलाच मिळाला नाही, तर चांगले काम करण्यास कोण पुढे येईल, असा त्यांचा प्रश्न होता.

याच सुमारास काही हौशी लोकांनी निराळा मार्ग धरला. 'टायनी बेसिक', म्हणजे चिमुकले बेसिक, या नावाने त्यांनी स्वतःच दुभाषे रचले आणि ते मासिकांतून संपूर्ण छापून सर्वांना खुले केले. टॉम पिटमन यांनी आपला दुभाषा अवघ्या ५ डॉलरना विकला. १९८३ साली निघालेल्या 'टर्बो पास्कल'ची किंमतही ४९.९५ डॉलर, म्हणजे तत्कालीन अनेक दुभाष्यांहून पुष्कळच कमी होती. विक्रीचा माल हौशी माणसाच्या आवाक्यात ठेवता येतो, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी नवा विचार मांडला. फुकट आणि मुक्त यांत अंतर आहे. फुकट मिळालेल्या घड्याळाचे झाकण उघडता येत नसेल, तर ते बिघडल्यावर काय उपयोग? आज्ञांची रचना कोणालाही वापरता, तपासता, सुधारता आणि दुसऱ्यास देता आली, तरच ती मुक्त होय. या तत्त्वानुसार त्यांनी १९८७ साली 'सी' भाषेचा दुभाषा प्रसिद्ध केला. १९९१ साली प्रसिद्ध झालेली 'पायथन' ही भाषाही आज सर्वांना विनामूल्य व मुक्तपणे मिळते. त्यामुळे साधा संगणक असलेल्या मुलालाही उत्तम हत्यारे हाती घेता येतात. गेट्स व ॲलन यांनी स्थापन केलेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही आपल्या एका जुन्या बेसिकची मूळ रचना २०२० साली सर्वांसाठी खुली केली.

तथापि मुक्त हत्यारेही श्रमांवाचून निर्माण होत नाहीत. कोणी आवडीने रात्री जागवतो, कोणी देणगी देतो, तर कोठे एखादी कंपनी खर्च सोसते. आपल्या श्रमांचे मोल घ्यावे की ते सर्वांना अर्पण करावे, हे ठरविण्याचा अधिकार श्रम करणाऱ्याचा आहे. जे विकत आहे, त्याची किंमत द्यावी. जे मुक्त आहे, ते कृतज्ञतेने घ्यावे आणि शक्य तर त्यात आपली भर घालून पुढच्याच्या हाती द्यावे.