पाहुणे उठले, ताटे कोणी उचलायची?

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारला नव्वद माणसे होती. आम्ही तिघी जावांनी आधीच ठरवले होते की यंदा भांडी घासायची नाहीत. दिवसभराचा रोजा, शाळेची नोकरी, दुपारपासून भजी, समोसे आणि बिर्याणीची गडबड, आणि वर नव्वद ताटे? बाजारातून चंदेरी मुलाम्याच्या कागदी प्लेटा, वाट्या, पेले आणि चमचे आणले. पाहुणे उठले, सगळे गोळा करून तीन मोठ्या पिशव्यांत कोंबले, पिशव्या दाराशी ठेवल्या आणि तरावीहनंतर आम्ही निवांत झोपलो.

पहाटे सहरी करून फजरची नमाज पढली आणि अंगणात आलो, तर अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, हातात खराटा घेऊन गल्लीत वाकलेल्या. रात्री कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या होत्या. वाऱ्याने प्लेटा थेट कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी हाडांसकट एक प्लेट पडली होती. काकूंनीच ती उचलली आणि म्हणाल्या, "वाऱ्याने आली, जाऊ द्या." इतक्या वर्षांचा शेजार, म्हणून त्या तेवढेच बोलल्या. अम्मींनी घरात येऊन एवढेच म्हटले, "दावत आपली आणि घाण दुसऱ्याच्या दारात?"

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा इमानचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून मकतबमध्ये शिकतो. इथे तर ती वस्तू आम्हीच रस्त्यात टाकली होती, तीही इफ्तारच्या सवाबाची आशा धरून.

पत्रावळीपासून चंदेरी प्लेटेपर्यंत

अम्मी सांगतात, त्यांच्या लग्नात जेवण जमातीच्या भांड्यांत झाले. मशिदीला लागून असलेल्या खोलीत तांब्याच्या देगा, कफगीर, पितळी पराती आणि मोठे थाळ असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने वहीत नोंद करून न्यायचे आणि घासून, मोजून परत आणायचे. देगांना वेळच्या वेळी कलई लावली जाई. दस्तरख्वान अंथरला की एका थाळाभोवती चार-पाच जण बसत. बोहरा बांधवांच्या घरी आजही आठेक जण एका थाळाभोवती बसून जेवतात. जिथे थाळ पुरत नसत तिथे पळसाच्या पत्रावळी असत. जेवण झाले की त्या उकिरड्यात जात आणि पावसाळ्यात त्यांचे खत होई.

पुढे थर्माकोल आला. हलका, स्वस्त आणि दिसायला पांढराशुभ्र. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे आणि स्ट्रॉ देशभर बंद झाले. मग बाजारात कागदी प्लेटा वाढल्या, आणि आपल्याला वाटले, कागद आहे, कुजेल. पण कोरा कागद दालच्याच्या रश्शाला टिकत नाही. म्हणून त्यावर पातळ प्लास्टिकचा थर असतो. चंदेरी चकाकीही बहुधा त्याच थराची. असली प्लेट धड कुजत नाही आणि तेल, मसाला लागल्यामुळे रद्दीतही जात नाही. आता तर काही पत्रावळींनाही खालून प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. विकत घेताना एक पत्रावळ फाडून पाहावी, म्हणजे लगेच कळते.

शिवाय हिशेब करून पाहा. १६० पाहुण्यांना प्रत्येकी एक प्लेट, एक वाटी, एक पेला आणि एक चमचा धरला, तर ६४० वस्तू होतात. एका जेवणाच्या अर्ध्या तासासाठी.

जाऊबाईंचे म्हणणे

शव्वालमध्ये धाकट्या जाऊबाईंना मुलगा झाला. दोन बकऱ्यांचा अकीका आणि १६० माणसांची दावत ठरली. घरचे सगळे बसले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "या वेळी जमातीची भांडी आणू." आमचे दीर आणि घरची मोठी माणसे लगेच हो म्हणाली. स्टीलच्या ताटात जेवण वाढले की कशी शान वाटते, पाहुण्याचा कसा मान राहतो, असे सगळे बोलू लागले.

थोरल्या जाऊबाई गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, "मधल्या भाऊजींचा वलीमा आठवतो का कुणाला? डिसेंबर होता. मला सातवा महिना होता. जेवणे झाली, पुरुष मंडळी मंडपात पान खात बसली, आणि मी अंगणातल्या नळापाशी रात्री दोनपर्यंत ताटे घासत होते. सकाळी हात फुटून रक्त आले. शान कुणाची झाली ते मला माहीत नाही. ताटे जरूर आणा, पण घासायला मी बसणार नाही."

कोणीच काही बोलले नाही. अठरा वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच सांगितली होती.

आमच्या मते या विषयातली खरी गोष्ट तीच आहे. कागदी प्लेट आपल्या घरांत आली ती आळसामुळे किंवा फॅशनमुळे नाही. दावत सगळ्यांची आणि खरकटे मात्र सुनांचे, ही रीत होती. प्लेटेने बायकांची त्यातून सुटका केली. म्हणून "पर्यावरण वाचवा, स्टील वापरा" असे सांगणाऱ्याने आधी आपल्या बाह्या वर कराव्यात. घासण्याची वाटणी होत नसेल, तर त्या घरातल्या बायकांनी प्लेटा आणल्या म्हणून त्यांना बोल लावण्याचा कुणाला हक्क नाही.

या वेळी काय केले

शेवटी ठरले ते असे. भांडी जमातीची. स्वयंपाक बावर्ची करणार, वाढप सगळ्यांनी मिळून करायचे आणि घासणे पुरुषांनी आणि कॉलेजातल्या मुलांनी. सहा-सहा जणांच्या पाळ्यांची यादी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावली. त्यात दिरांची नावे सर्वांत वर.

एक वयस्कर चाचाजान नाराज झाले. "पाहुण्यांसमोर घरचे पुरुष भांडी घासणार? लोक काय म्हणतील?" धाकट्या दिरांनीच त्यांना अदबीने उत्तर दिले. प्रेषित (स.) घरात असताना काय करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामाला हात लावीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस आपण भाषणात ऐकतो, पण नळापाशी ती आपल्याला आठवत नाही. चाचाजान काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या पंगतीनंतर धुतलेली ताटे बाजेवर पालथी घालायला ते स्वतः उभे राहिले.

ताटांची संख्याही कमी केली. घरचे आणि जवळचे ६० जण पाच-पाच जणांत एक असे १२ थाळांत जेवले. उरलेल्या १०० जणांना वेगळी ताटे. म्हणजे १६० ऐवजी ११२ भांडी. दालचा बिर्याणीवरच वाढला, म्हणून थाळाला वाट्या लागल्या नाहीत. खाऊन पोट भरत नाही अशी तक्रार काही सहाबांनी केली होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एकत्र बसून खायला सांगितले होते. त्यातली बरकत त्या दिवशी आम्ही पाहिली. एरवी लग्नातही एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ एका थाळाभोवती बसले आणि एकाने दुसऱ्याच्या पुढे बोटी सरकवली.

घासण्याची सोय अशी होती. आधी दोन बादल्या, एक हाडांसाठी आणि एक उरलेल्या भातासाठी. मग चार टब: पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात साबणाचे गरम पाणी, तिसऱ्या आणि चौथ्यात विसळायला स्वच्छ पाणी. वाहत्या नळाखाली एकही ताट धुतले नाही. ४० ताटे झाली की विसळायचे पाणी बदलायचे आणि जुने पाणी पहिल्या टबात ओतायचे. एक मुद पाण्यात वुजू करणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत. पाण्याचा हिशेब आपल्याला जड जाऊ नये.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या पाळीतल्या मुलांनी धुतलेली ताटे तेलकट राहिली, ती परत टबात घालावी लागली. एक जण फोन आला म्हणून गेला तो शेवटच्या पंगतीलाच उगवला. परत देताना सात चमचे कमी भरले, ते भरून दिले. पण रात्री दहाला नळ बंद झाला होता आणि आम्ही तिघी जावा बाळाजवळ बसून चहा पीत होतो. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "या घरातल्या दावतीत आज मी पहिल्यांदा गरम जेवले."

आणखी एक गोष्ट लक्षात आली. इफ्तारला उरलेले अन्न प्लेटेत गुंडाळले जाऊन दिसेनासे झाले होते. या वेळी ताट स्वतःच्या हाताने बादलीपाशी न्यायचे होते. समोर घरचे मोठे माणूस उभे असताना अर्धी बिर्याणी बादलीत ओतायला कुणाचा हात धजत नव्हता. मुलेही पुन्हा घेताना थोडेच घेत होती. भाताची बादली अर्धीही भरली नाही, तो भात सकाळी कोंबड्यांना गेला. खाण्यापिण्यात इसराफ करू नका ही कुरआनची ताकीद आणि ताट पुसून खाण्याची सुन्नत भांडी खरी असली की आपोआप आठवते.

प्रत्येक घराने आपले पाहावे

सगळीकडे हेच जमेल असा आमचा आग्रह नाही. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात दीडशे ताटे धुणे हाच इसराफ ठरेल. तिथे प्लास्टिक न चिकटवलेली पत्रावळ किंवा उसाच्या चिपाडाची प्लेट चांगली. फक्त ती खड्ड्यात पुरायची, गल्लीत सोडायची नाही. आजारी माणसाच्या घरी, मय्यतीच्या घरी जिथे कुणाच्या अंगात त्राण नसते, तिथेही पत्रावळीच आणाव्यात. शाकाहारी शेजाऱ्यांना बोलावताना आम्ही केळीचे पान ठेवतो. आमच्या ताटाविषयी त्यांच्या मनात संकोच राहू नये, हाही शेजाऱ्याचा हक्क आहे. अकीक्याला काकू आल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर केलेला गोड भात पानावरच वाढला.

मात्र जिथे पाणी आहे, जमातीची भांडी आहेत आणि घरात धडधाकट पुरुष आहेत, तिथे तीन गोष्टी करून पाहाव्यात. दावतीची तारीख ठरेल त्याच बैठकीत घासणाऱ्यांची नावे लिहावीत. जवळच्या माणसांना थाळात बसवावे. आणि जमातीच्या खोलीतली ताटे-पेले किती शाबूत आहेत हे पाहून, कमी असतील तर कार्याच्या आनंदात दहा-वीस ताटे तिथे द्यावीत. पुढच्या कित्येक दावतींत ती लोकांच्या उपयोगी पडतील. आमच्या घरून अकीक्याच्या निमित्ताने २५ ताटे गेली.

येत्या रमजानमध्ये इफ्तार पुन्हा आमच्याकडेच आहे. पाळ्यांची यादी आतापासून तयार आहे. या वेळी चाचाजानांनी आपले नाव स्वतःच त्यात घालायला सांगितले आहे.