ऐकत नाही की ऐकूच येत नाही?

"तुमचा बाळू अज्जिबात ऐकत नाही हं," शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दुसरीतली मुलं कुठे ऐकतात? टीव्ही मोठ्ठा, तिसऱ्या हाकेला ‘काय?’, आणि डायरीत बाईंचा शेरा, ‘वर्गात लक्ष नसते.’ एकदा दूध उतू जात होतं, ‘गॅस बंद कर’ म्हणून मी न्हाणीतून ओरडत होते आणि हा ढिम्म. आले ती धपाटाच घातला. त्याचा तो बावरलेला चेहरा आठवला की अजून पोटात कालवतं.

सर्दी त्याला बारमाही. झोपेत तोंड उघडं, घोरणं मोठ्या माणसासारखं. पण कान दुखत नव्हता, वाहत नव्हता. मग तिकडे लक्ष कशाला जाणार? सासूबाईंनी ‘मळ असेल’ म्हणत लसणीचं कोमट तेल मात्र घातलं.

शेवटी तालुक्याला दर गुरुवारी येणाऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तेलाबद्दल आधी बोलणी बसली. मग तपासणी, श्रवणचाचणी. पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं! नाकामागून कानाकडे जाणारी नळी मुलांत आखूड आणि आडवी असते. नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढली, की ही नळी नीट काम करत नाही. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, तोवर पहिल्या बाकावर बसवा, म्हणाले. आमचं ओसरलं नाही. मग छोटं ऑपरेशन करून गाठ काढली, पडद्यात बारीकशी नळी बसवली.

घरी आल्यावर बाळू विचारतो, "आई, आपला पंखा एवढा आवाज करतो?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरांनी निघताना आणखी एक बजावलं होतं. एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जिल्ह्याला जायचं. तिथे उशीर झाला, तर गेलेलं ऐकू परत येणं कठीण.

आणि हो, सासूबाईंचा आवाज महिनाभर बसलाय. ज्येष्ठमध चालू आहे. पण तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला, तर घसा आतून बघायलाच हवा म्हणे. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणतात. येत्या गुरुवारी बाळूला दाखवायचंच आहे, त्याच एस्टीत त्यांनाही बसवतेय.