कोरेगाव पार्कचे न विचारलेले साक्षीदार
परदेशी राहायला गेलेल्या माणसांमागे कॅमेरा धावू लागला, की यजमान शहर नुसता मागचा पडदा होऊन जातं. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही सहा भागांची मालिका पाहा. १९७४ ते १९८१ या काळात आध्यात्मिक गुरू रजनीश यांचा आश्रम पुण्यात, कोरेगाव पार्कात वाढला, हजारो परदेशी शिष्य इथे आले. पण मालिकेत पुणे येतं ते, रजनीश व त्यांच्या शिष्यांनी नंतर अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये वसवलेल्या वसाहतीच्या कथेची प्रस्तावना म्हणून. मालिकेत दाखवलेले गुन्हे तिकडे घडले, मग कथाही तिकडचीच असणार, हा आक्षेप रास्त आहे. तरीही या पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारे, रिक्षातून नेणारे, त्यांच्या वागण्याने बिथरलेले पुणेकर हेही साक्षीदारच होते. १९८७ मध्ये रजनीश इथेच परतले, १९९० मध्ये इथेच वारले. त्यांचे तेव्हाचे तरुण शेजारी आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.