संबळ ऐकलेल्या कानांसाठी डेथ मेटल

माहूरला रेणुकेचा गोंधळ उभा राहिला की गाणाऱ्यापेक्षा संबळवाल्याच्या हातांकडे बघावं. दोन भांडी, दोन काठ्या; एक आवाज टणक, दुसरा पोटातून आलेला. लय मधेच दुप्पट होते, गाणारा मात्र आपल्या चालीतून हलत नाही, आणि तरी दोघं नेमक्या एका मात्रेवर येऊन भेटतात. सम म्हणजे काय हे रेणुराई गोंधळ्यांचं संबळ आणि माळेगावच्या जत्रेतली वाघ्याची दिमडी ऐकत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

हाच कान घेऊन मी 'अथीस्ट' या अमेरिकन बँडचा 1991 चा अल्बम ऐकला, 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स'. जेमतेम 32 मिनिटांचा. पहिल्यांदा फक्त गडगडाट ऐकू आला. तिसऱ्यांदा ऐकताना त्या गडगडाटात जॅझ सापडला, आणि तेव्हापासून मी या माणसांच्या मागे लागलो आहे.

डेथ मेटल वाढलं ते 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः फ्लोरिडात. टँपा शहरातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत त्यातले कितीतरी महत्त्वाचे अल्बम ध्वनिमुद्रित झाले. तारा खाली उतरवून जड केलेल्या गिटारी, दोन्ही पायांनी तुफान वाजणारा ड्रम आणि गायकाची ती खोल गुरगुर. ही गुरगुर म्हणजे नुसतं ओरडणं असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. बोलताना एरवी त्या स्वस्थ बसतात. हे गायक त्यांनाही थरथरवतात, म्हणून एका गळ्यातून दोन जनावरं बोलल्यासारखं वाटतं. नीट शिकलेला गायक रात्रीमागून रात्री हे करतो आणि त्याचा घसा शाबूत राहतो.

अथीस्ट फ्लोरिडातल्याच सारासोटा गावचा. केली शेफर गायचा आणि गिटार वाजवायचा, रँड बर्की दुसऱ्या गिटारवर, स्टीव्ह फ्लिन ड्रमवर आणि रॉजर पॅटरसन बेस गिटारवर. या चौघांत माझं मन अडकलं ते पॅटरसनमध्ये. मेटलमध्ये बेस बहुतेक वेळा गिटारची सावली होऊन चालतो. पॅटरसनचा बेस गिटारशी बोलतो, तिला अडवतो, तिच्या आधी वळणावर जाऊन उभा राहतो. जॅझमध्ये बेसवाल्याला हा अधिकार पूर्वीपासून आहे. डेथ मेटलमध्ये तो त्याने स्वतः घेतला.

आणि मोजणी! रॉकचं बहुतेक संगीत चार मात्रांवर चालतं, म्हणून पाय आपोआप ठेका धरतो. इथे पाय फसतो. रूपक आठवा: तीं तीं ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन, अशा सात मात्रा. भजनाला बसणाऱ्याला त्यात काही अवघड वाटत नाही, कारण रूपक एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत रूपकच राहतो. अथीस्टच्या गाण्यात मात्रांचा हिशेब ओळीगणिक बदलतो. एक तुकडा विषम, पुढचा चौरस, पुढच्यात लय अर्ध्यावर. चौघांनाही तो हिशेब तोंडपाठ, त्यामुळे समेवर ते एकत्रच पडतात.

'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' हा त्यांचा दुसरा अल्बम; त्याची गाणी बसत आली होती. दौऱ्यावरून घरी परतताना गाडीला अपघात झाला आणि 12 फेब्रुवारी 1991 ला पॅटरसन गेला. विशीतला मुलगा. त्याने रचलेल्या बेसच्या जागा सरावाच्या ध्वनिमुद्रणांत शिल्लक होत्या. टोनी चॉय नावाच्या वादकाने त्या शिकून घेतल्या, आपल्या बोटांची भर घातली आणि अल्बम पूर्ण केला. आज 'मदर मॅन' हे त्यातलं पहिलं गाणं ऐकताना विचार एकाचा आणि बोटं दुसऱ्याची असतात. गुरूची बंदिश शिष्याने मांडावी, तसं. फरक इतकाच की इथे दोघंही पोरसवदा होते आणि मधे मरण आलं होतं.

चॉय आला होता 'सिनिक'मधून. मायामीच्या या बँडचे पॉल मासविदाल आणि सीन रायनर्ट हे जॅझ-फ्यूजनचे वेडे. गिटारवादक जॉन मॅकलाफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्यूजन बँडचे भक्त. 1992 च्या ऑगस्टमधल्या अँड्र्यू चक्रीवादळाने त्यांची सरावाची जागा उद्ध्वस्त केली, तरी पुढच्या वर्षी 'फोकस' अल्बम आला. त्याच्या पहिल्या गाण्याचं नावच 'व्हेल ऑफ माया', मायेचा पडदा.

इथे मला थबकायला होतं. मॅकलाफ्लिनने विषम मात्रांचा ध्यास घेतला तो भारतीय संगीतातून. 1989 च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तो वाजवत होता, तेव्हा त्याच्याबरोबर तालवाद्यांवर मुंबईचा त्रिलोक गुर्टू होता, ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टूंचा मुलगा. तबला आणि ड्रम एकाच माणसाच्या हातात. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या या पोरांच्या गडगडाटात आपल्या मात्रांचा अंश वळसा घालून पोचला होता, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढची हकिकत थोडकीच. फ्लिन विद्यापीठात शिकायला गेला. 1993 च्या 'एलिमेंट्स'मध्ये अथीस्टने सांबाही वाजवून पाहिला आणि बँड थांबला. 2006 मध्ये शेफर आणि फ्लिन पुन्हा एकत्र आले. सिनिकचा रायनर्ट 2020 च्या जानेवारीत गेला, त्याच वर्षी डिसेंबरात 'फोकस'वर बेस वाजवणारा सीन मलोन. मासविदाल अजून सिनिक याच नावाने संगीत करतो.

हे सगळं सांगतो आहे ते नांदेड-लातूरकडच्या संबळ, हलगी, तबला वाजवणाऱ्या पोरांसाठी. गायकाच्या आवाजाला बिचकू नका. चांगले हेडफोन घ्या, 'मदर मॅन' लावा, गिटार सोडा आणि बेसचं बोट धरून मांडीवर मात्रा मोजत जा. तीनदा ऐका. कुठल्या जागी हिशेब बदलला ते तुम्हाला माझ्याआधी कळेल. कळलं की मला जरूर कळवा.