पडद्यावरील साहस आणि त्याचे मोल

नायक-नायिका नाहीत, गाणी नाहीत, कटकारस्थान नाही. आहेत ते केवळ डोंगर, समुद्र, वारा आणि त्यांच्याशी झुंजणारा माणूस. असे चित्रपट ओळीने काही दिवस दाखवण्याचा उपक्रम आता देशोदेशींच्या चित्रगृहांनी अंगीकारला आहे. या प्रथेचे मूळ उत्तर इटलीतील त्रेन्तो या शहरी सापडते. तेथे १९५२ साली इटलीच्या गिर्यारोहक मंडळाच्या पुढाकाराने पर्वतपटांचा महोत्सव सुरू झाला. कॅनडातील बॅन्फचा महोत्सव १९७६ पासूनचा. त्याने एक चांगली सोय केली. महोत्सवातील निवडक चित्रपट तो पुढे फिरतीवर धाडतो आणि त्यामुळे, एरवी असली चित्रफीत कोणी मागवणार नाही अशा लहान गावातील चित्रगृहातही दोन-तीन संध्याकाळी हा हंगाम भरतो.

या हंगामात साहसपट आणि निसर्गरक्षणाचे चित्रपट शेजारी शेजारी बसतात. हा शेजार दिसतो तितका जुना नाही. आणि प्रारंभी तर या दोघांत सलोखाही नव्हता.

१९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर जॉन नोएल हा चित्रकार-छायालेखक होता. मोहिमेच्या चित्रीकरणाचे हक्क त्याने आठ हजार पौंड उभे करून घेतले होते. दार्जिलिंगला त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि हिमालयातून हरकारे चित्रफिती घेऊन तेथवर येत असत. ८ जूनला मॅलरी व अर्व्हिन शिखराकडे गेले, ते परतलेच नाहीत. वरच्या तळावरील सोबत्यांनी बर्फावर कांबळी पसरून फुलीची खूण केली. आशा उरली नाही, असा तिचा अर्थ. दूरवरून नोएलच्या लांब पल्ल्याच्या भिंगाने ती टिपली आणि आजही पडद्यावर ती पाहताना चित्रगृह स्तब्ध होते.

परंतु या चित्रपटाची दुसरी एक कथा आहे आणि ती पडद्यावर दिसत नाही. लंडनमधील खेळांपूर्वी प्रेक्षकांचे मन रिझवण्यासाठी तिबेटातून लामा आणून त्यांना रंगमंचावर नाचवण्यात आले. चित्रपटात एक तिबेटी माणूस मुलाच्या डोक्यातील उवा वेचून तोंडात टाकतो, असे दृश्य होते. ल्हासाच्या राज्यकर्त्यांना ही आपल्या धर्माची व लोकांची उघड विटंबना वाटली. आणखीही काही कारणे होती, तरी पुढील इंग्रजी मोहिमेला १९३३ पर्यंत तिबेटची वाट मोकळी झाली नाही, यात या चित्रपटाचा वाटा मोठा होता. ज्या डोंगराचे गुणगान करायचे, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना मात्र तमाशा म्हणून दाखवायचे, हा विसंवाद त्या वेळी लंडनच्या फारच थोड्या प्रेक्षकांना खटकला असेल. २०१३ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने या मूकपटाचा जीर्णोद्धार करून तो पुन्हा दाखवला.

समुद्रातील उदाहरण याहून बोलके आहे. जाक-ईव्ह कुस्तो आणि तरुण लुई माल यांच्या ‘नीरव जगत्’ या अर्थाच्या नावाच्या अनुबोधपटाने १९५६ साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळवले. पुढे ऑस्करही मिळवले. पाण्याखालचे ते रंग त्यापूर्वी कोणी असे पाहिलेच नव्हते. मात्र त्याच चित्रपटात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळाच्या खडकात सुरुंग उडवला जातो. कुस्तोच्या जहाजाच्या पंख्याने एक देवमाशाचे पिलू जखमी होते, ते मारले जाते आणि त्यावर तुटून पडलेल्या मुशींना खलाशी गळाने ओढून, कुऱ्हाडी घालून ठार करतात. कॅमेऱ्यापासून काही लपवलेले नाही, कारण लपवण्यासारखे काही घडते आहे असे कोणाला वाटलेच नव्हते! हाच कुस्तो १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध उभा राहिला आणि नंतरचे आयुष्य त्याने समुद्राच्या वकिलीत घालवले. आजच्या हंगामात हा चित्रपट लावावयाचा तर तो कापून नव्हे, जसाच्या तसा लावावा. माणसाची दृष्टी किती बदलली, हे मोजण्याचे त्याच्याइतके नेमके माप दुसरे नाही.

आणि चित्रपटामुळे समुद्र खरोखरच वाचू शकतो काय, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. वेरावळ व आसपासच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्क या प्रचंड, पण निरुपद्रवी माशाची सर्रास शिकार होई. त्याला थकवण्यासाठी पिंपे बांधत, म्हणून त्याचे तेथील नावच ‘बॅरल’ पडले. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना फासण्यासाठी वापरत. पुढे मांसाची निर्यात सुरू झाली आणि कत्तलीला ऊत आला. माइक पांडे यांनी ती चित्रित केली. त्यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा लहानसा चित्रपट २००० साली आला आणि २००१ मध्ये भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. हा मान मिळालेला हा पहिलाच मासा होय.

कायदा झाला, तरी किनाऱ्यावरच्या माणसाचे पोट कायद्याने भरत नाही. तेव्हा २००४ पासून भारतीय वन्यजीव न्यासाने तेथे मोहीम चालवली आणि कथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना या माशाची ओळख नव्या नात्याने करून दिली: ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. ‘बॅरल’चे नाव ‘व्हाली’ झाले. मासा जाळ्यात सापडला की जाळे कापून त्याला सोडण्याची रीत पडली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई सरकारकडून मिळते. ती मागताना पुरावा लागतो. म्हणून सुटकेचे छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरे दिले गेले, ते मच्छीमारांच्याच हाती.